मावशी सोडून सगळे

खासगीपणा हा भारतीय माणसाचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी जाहीर केलं. नऊ न्यायमूर्ती बसले होते आणि नऊच्या नऊ जणांचं एकमत झालं. आमच्याकडे चार माणसांचं साखरपुड्याच्या मेन्यूवर एकमत होत नाही, म्हणून मला या गोष्टीचं जास्तच अप्रूप. हा हक्क राज्यघटनेच्या 21 व्या कलमात पहिल्यापासून होताच, असंही न्यायालय म्हणालं. म्हणजे 1950 पासून तो घरातच होता, फक्त हाताला लागत नव्हता.

या खटल्यातले मूळ याचिकाकर्ते निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी निकालाच्या वेळी नव्वदी ओलांडलेले होते. आज ज्या हक्काच्या जोरावर सतरा वर्षांची मुलगी बाबा खोलीत येताच फोन पालथा घालते, तो तिला एका आजोबांनी मिळवून दिलेला आहे. मुख्य निकालपत्र लिहिलं धनंजय चंद्रचूड यांनी. त्यात त्यांनी 1976 सालचा एडीएम जबलपूरचा निकाल मोडीत काढला. आणीबाणीत नागरिकाला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही, असं त्या वेळी म्हणणाऱ्यांमध्ये त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते. खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं हे घराणं. बाबांचं चुकलं, हे मुलाने लेखी, सकारण आणि 547 पानांच्या निकालात नोंदवल्याचं दुसरं उदाहरण मराठी कुटुंबसंस्थेत मला माहीत नाही. बाकीची मुलं ते मनात म्हणतात, नाहीतर इन्स्टाच्या 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये टाकतात.

अडचण एवढीच, की हा हक्क मुख्यतः सरकारपुढे चालतो. मावशीपुढे चालत नाही.

मावशी ही इथे व्यक्ती नसून पद आहे, हे आधीच सांगतो. नाहीतर दिवाळीला मला फराळ मिळायचा नाही. या पदावर आत्या असू शकते, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू असू शकतात, क्लासचे सर असू शकतात. 'आजकालच्या पोरांना खासगी असं काही उरलंच नाही, सगळं त्या इन्स्टावर मांडून ठेवतात,' हे या पदाचं ठरलेलं वाक्य. परवा ते आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर आलं. त्या मेसेजच्या वर नातवाचा न्हाणीघरातला फोटो होता आणि खाली काकांचा जेवणानंतरच्या साखरेचा रिपोर्ट.

मुलांचं काय चालतं ते जरा जवळून पाहिलं, तर मामला बरोबर उलटा निघतो. माझी भाची नुकतीच अकरावीत गेली. तिच्या इन्स्टाग्राम खात्यावर पोस्ट शून्य. डीपीच्या जागी मांजराचा एक कान आहे. मांजर कुणाचं ते विचारायचं नाही. 'अगं, मग तू तिथे करतेस तरी काय?' असं मी विचारलं, तर म्हणाली, 'मामा, पोस्ट कोण करतं आता?' पोस्ट म्हातारे करतात. ज्यांना चाळिशी लागली ते फेसबुकवर आणि ज्यांना पंचविशी लागली ते इन्स्टावर. हिच्या वयाच्या मुलांची खरी वस्ती आत असते. पहिलं खातं नातेवाइकांना दाखवायचं, दुसरं मैत्रिणींचं. त्या दुसऱ्यात पुन्हा हिरव्या वर्तुळातले क्लोज फ्रेंड्स, आणि त्या हिरव्या वर्तुळातल्यांचाही एक वेगळा ग्रुप, ज्यात हिरव्या वर्तुळातल्याच एका मुलीबद्दल बोललं जातं.

व्हॉट्सॲपवर स्टेटस कुणाला दिसावं याचे तीन पर्याय आहेत: सगळे संपर्क, अमुक सोडून सगळे, आणि फक्त अमुक. कॅलिफोर्नियात बसून हा मधला पर्याय ज्याने काढला त्याला नक्की मावशी असणार. या 'सोडून'च्या यादीवर कुणीतरी पीएचडी करायला हवी. कुठल्या घरात कोण कुणाला काय सांगतं, बातमी कोणत्या मार्गाने किती वेळात आईपर्यंत पोचते, कोण स्क्रीनशॉट काढतं आणि कोण नुसतंच 'मला काय, मी आपलं सांगितलं' म्हणतं, याचा असा नकाशा जनगणनेवाल्यांकडेही मिळणार नाही. भाचीच्या यादीत आत्या पहिली आहे. नंतर दोन मावश्या, इमारतीचे सेक्रेटरी, गणिताच्या क्लासचे सर. आणि मी.

'मनाला लावून घेऊ नकोस हं,' ती म्हणाली. 'तू वाईट नाहीस. पण तुला काही दिसलं की तू मोठ्याने हसतोस, आणि मग आई विचारते काय झालं.'

यादीत टाकलं म्हणजे काम संपलं, असं नाही. पुष्कळ दिवस स्टेटस दिसलं नाही की मावशीला वास येतो. 'हल्ली ही काही ठेवतच नाही गं, अबोल झालीय का?' मग फोन, मग आई, मग चौकशी. म्हणून सराईत मुलं सणासुदीचं स्टेटस सर्वांसाठी खुलं ठेवतात. गणपतीत मोदक, दसऱ्याला आपट्याचं पान, आषाढीला विठ्ठल. बाहेरची खोली आवरलेली दिसली की पाहुणे आतल्या खोलीत डोकावत नाहीत, हे त्यांना आईकडूनच कळलेलं असतं. माझ्या ओळखीचा एक मुलगा इंजिनिअरिंगची चारही वर्षं सगळ्या नातेवाइकांसाठी फक्त सूर्योदयाचे फोटो ठेवत होता. तो पहाटे उठतो, अशी घरात ख्याती झाली. तो त्या वेळी झोपायला जात असे, हे त्याच्या क्लोज फ्रेंड्सनाच ठाऊक होतं.

हे कौशल्य आपल्याकडचंच आहे असं नाही. डेना बॉइड या अमेरिकन संशोधक बाईंनी किशोरवयीन मुलांच्या ऑनलाइन आयुष्यावर 2014 साली पुस्तक लिहिलं. त्यांनी सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. बॉस्टनमधल्या सतरा वर्षांच्या मुलीचा प्रेमभंग झाला. मैत्रिणींना सांगायचं होतं, पण आई फेसबुकवर टपलेली. म्हणून तिने एका अतिशय आनंदी गाण्याचे शब्द टाकले. आईने लगेच खाली लिहिलं, वा, आज स्वारी खूश दिसतेय! मैत्रिणींनी मात्र धडाधड मेसेज करून विचारलं, काय झालं, बरी आहेस ना? कारण त्यांनी 'लाइफ ऑफ ब्रायन' हा सिनेमा नुकताच एकत्र पाहिला होता आणि त्यात ते आनंदी गाणं क्रुसावर टांगलेली माणसं मरता मरता म्हणतात. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सांगितलं आणि हव्या तेवढ्यांनाच कळलं. आमच्याकडच्या मुली हेच काम लता मंगेशकरांच्या गाण्यांवर करतात. मुलीने जुनं गाणं लावलं म्हणून आजी हरखते. कडवं कोणतं निवडलंय, तिकडे तिचं लक्षच नसतं.

आणि आपल्याला तरी यात नवल का वाटावं? महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं 'लीळाचरित्र', ज्याला मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानतात, तो शतकानुशतकं पंथाबाहेरच्यांच्या नजरेला पडला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली, तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राला आपलं आद्य गद्य वाचता आलं. मराठी गद्याचा उगमच मुळी 'क्लोज फ्रेंड्स'मध्ये झालेला आहे. मला एवढंच वाटतं, की राजवाड्यांऐवजी हे काम आमच्या आत्याकडे दिलं असतं तर चौदाव्या शतकातच उरकलं असतं.

लिप्या आजही निघतात. हसून हसून मेलो, हे सांगायला मुलं कवटी पाठवतात. आपण ती पाहून कुणाकडे काही बरंवाईट झालं का, म्हणून फोन करतो. आपण पाठवलेला साधा हसरा चेहरा त्यांच्यात तुच्छतेचा समजतात. मी कितीतरी मुलांशी वर्षभर तुच्छतेने वागत होतो म्हणे. पूर्णविराम म्हणजे राग. आईने 'घरी ये.' असं टिंबासकट पाठवलं, की मुलगी रिक्षातच घाबरीघुबरी होते, आणि आई बिचारी शाळेत शिकवलेलं विरामचिन्ह जपत असते. इन्स्टाग्रामवर 2022 पासून 'नोट' नावाचा एक प्रकार आलाय. 60 अक्षरं लिहायची, 24 तासांत ती पुसली जातात. एका मुलाला उद्देशून, त्याचं नाव न घेता, त्याच्या मित्राला कळेल, त्याच्या आधीच्या मैत्रिणीला झोंबेल आणि स्वतःच्या चुलतभावाला कळणार नाही, असं 60 अक्षरांत लिहायचं. ही मुलं परीक्षेत 'माझा आवडता ऋतू' यावर पानभर लिहू शकत नाहीत म्हणून आपण हळहळतो. आवडता ऋतू कुणापासून लपवायचा नसतो, हेच त्या निबंधात कमी पडतं.

कलेचा खून बहुधा खालच्या कॉमेंटमध्ये होतो. कृष्णधवल फोटो, खिडकी, पाऊस, मान किंचित वळवलेली, नजर दूर कुठेतरी, सगळ्या विश्वाचं एकाकीपण त्या एका चौकटीत आणायला दोन तास आणि तीन मैत्रिणी लागलेल्या. खाली आत्या: 'बाळा बारीक झालीस. कडधान्य खातेस ना?' त्यानंतर काका हात जोडून. त्यानंतर आत्याच्या मैत्रिणी, 'गोड दिसतेय, कुठे असते?' जगात एकाकी असणं आमच्याकडे शक्यच नाही. तो फोटो मग संग्रहात जातो आणि मुलगी यादीत आणखी दोन नावं वाढवते.

गावाकडच्या मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि ती जास्त मोकळी आहे. 29 जून 2020 रोजी सरकारने 59 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक गेलं, तेव्हा शहरात लोकांनी विनोद केले. पण ऊस तोडता तोडता, म्हशी धुता धुता नाचणाऱ्या, नकला करणाऱ्या कितीतरी पोरांचं रंगमंदिरच त्या दिवशी बंद झालं होतं. ती लगेच रील्सवर आली. खानदेशातलं 'हाई झुमकावाली पोर' हे अहिराणी गाणं यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलली की पूर्वी शाळेत बाई हसायच्या, आता त्याच बोलीवर फॉलोअर वाढतात. नाट्यगृहाची तारीख मिळायला वशिला लागतो, अंगणाची मिळायला लागत नाही. या मुलांना लपवायचं फारसं नसतं, कारण लहान गावात लपवायला जागाच नसते; कोण कुणाच्या गाडीवर मागे बसलं ते गाडी थांबायच्या आत घरी कळलेलं असतं.

मोकळेपणाचा अतिरेकही होतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, त्याचं रील करायचं, वर 'भाऊंचा बड्डे' लिहायचं आणि त्याच रीलवरून पोलीस दारात, अशा बातम्या पुण्यापासून नागपूरपर्यंत अधूनमधून येतात. गुन्ह्याचा पुरावा पार्श्वसंगीतासह तयार करून देणारी ही बहुधा पहिलीच पिढी. इथे खासगीपणाचा हक्क वगैरे सांगायला मी जाणार नाही. 'सोडून'च्या यादीत निदान पोलीस ठाणं तरी टाका, एवढाच सल्ला.

मुलं हे सगळं शिकली कुठे, म्हणाल तर आपल्याकडेच. गॅदरिंगला फिशपाँड टाकायचे, ज्याला शाळेत शेलापागोटे म्हणायचे, ते काय होतं? निनावी चिठ्ठी, खोक्यात टाकायची, आणि मग माइकवरून भर मंडपात एखाद्याच्या नाकाचा उद्धार. आज कॉलेजांच्या नावाने निनावी कबुल्यांची पानं निघतात तेव्हा आपण संस्कृती बुडाली म्हणतो. ही सगळी संस्कृती तेव्हा प्राचार्यांच्या अध्यक्षतेखाली बुडत होती. फरक आहे तो एवढाच, की फिशपाँड त्या संध्याकाळी मंडपाबरोबर उतरायचा. स्क्रीनशॉट उतरत नाही. मुलीचा खांद्यावरून ओढणी सरकलेला फोटो, मुलाचं रडतानाचं काहीतरी, एकदा कुणाच्या फोनमध्ये गेलं की ते दहा वर्षांनी त्या मुलीच्या, त्या मुलाच्या लग्नाच्या बोलणीत हजर होऊ शकतं. मुलांनी 24 तासांत पुसलं जाणारं निवडलं ते काही चंचलपणातून नाही. त्यांना माहीत आहे की आपल्या समाजात काहीही पुसलं जात नाही.

दहावीचंच पाहा. महाराष्ट्रात बोर्डाचा निकाल ऑनलाइन पाहायचा तर दोन गोष्टी लागतात: बैठक क्रमांक आणि आईचं नाव. ही कल्पना ज्याला सुरक्षित वाटली त्याला नातेवाईक नसावेत. आईचं नाव सबंध खानदानाला माहीत, आणि बैठक क्रमांक आईनेच परीक्षेआधी 'आशीर्वाद असू द्या' म्हणून हॉल तिकिटाच्या फोटोसह ग्रुपवर टाकलेला. निकाल एक वाजता लागतो. एक वाजून तीन मिनिटांनी नाशिकच्या काकांचा फोन येतो, 'विज्ञानात कमी पडले रे.' ज्याचा निकाल आहे तो पोरगा अजून गोल गोल फिरणाऱ्या पानाकडे बघत असतो.

सरकारने मुलांसाठी काही केलं नाही, असं नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 साली झाला. त्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण बालक. बालकाची माहिती कंपनीला हवी असेल तर पालकांची संमती घ्यायची, तीही पडताळून पाहता येईल अशी. आणि मुलांच्या मागे फिरून, त्यांच्या सवयी हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. वाचायला उत्तम. आता आमच्या घरांत पालकांचा ई-मेल कुणी उघडून दिला? मुलाने. पासवर्ड कुणाला पाठ आहे? मुलाला. ओटीपी आला की बाबा चष्मा शोधतात आणि बैठकीच्या खोलीतून सहाच्या सहा आकडे खणखणीत वाचून दाखवतात. संमती मग मुलगाही देऊ शकतो आणि खालच्या मजल्यावरचे जोशीही. बालकाच्या परवानगीशिवाय पालकाला बँकेत लॉग इन करता येत नाही, त्याबद्दल कायदा गप्प आहे.

कंपन्यांचा विषय निघाला की मात्र माझं हसू जरा आटतं. हिरव्या वर्तुळात आत्याला प्रवेश नाही. ते वर्तुळ ज्याच्या संगणकावर आखलंय त्याला आहे. कोणती मुलगी रात्री दोन वाजता कुठल्या रीलवर थांबली, किती वेळ थांबली, पुन्हा मागे कशाला आली, हे आत्याला सात जन्मांत कळणार नाही आणि कंपनीला त्याच क्षणी कळतं. व्हॉट्सॲपवरचे निरोप 2016 पासून वाटेत कुणालाही वाचता येत नाहीत असे कूटबद्ध असतात, ही खरी सोय. ती आईच्या नजरेपाशी संपते, कारण आई खांद्यावरून वाचते. पण खांद्यावरून वाचणारी आई दिसते तरी. तिला 'आई, सरक ना' म्हणता येतं. मुलं सगळी बुद्धी दिसणाऱ्या आईपासून लपण्यात खर्च करतात आणि न दिसणाऱ्याला स्वतःहून अंगठा देतात. यात त्यांना एकट्याला दोष देणं बरोबर नाही. आत्या नसती तर त्यांना तिकडे लक्ष द्यायला थोडी फुरसत मिळाली असती.

फोनला आवर घालणारं एक गाव सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात आहे, मोहित्यांचे वडगाव. तिथे 2022 पासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला आणि दीड तास मोबाइल बंद ठेवायचं ठरलं, मुलांनी अभ्यास करावा म्हणून. या निर्णयातली मला भावलेली गोष्ट म्हणजे मोबाइलबरोबर टीव्हीही बंद. सात ते साडेआठ म्हणजे मालिकांचा ऐन मुहूर्त. मुलांवर नियम लावणारी पंचायत पुष्कळ ठिकाणी भरते. सासू आणि रिमोट यांची ताटातूट करण्याचं धाडस फार थोड्या ठिकाणी होतं.

तेवढं आपल्याला जमणार नाही, हे धरून चालतो. तेव्हा समस्त मावश्या, आत्या, काका आणि मामे यांना माझी छोटी विनंती आहे. मुलाचा फोटो टाकण्याआधी त्याला विचारा. हॉल तिकीट देवापुढे ठेवा, ग्रुपवर नको. कडधान्याची चौकशी फोनवर करा. आणि हे वाचून कुणाला एकदम आठवलं असेल, की अरे, पुतणीचं स्टेटस बरेच दिवसांत दिसलं नाही, तर कृपा करून तिच्या आईला फोन लावू नका.